देवमाणूस म्हटलं की आपण सुटतो

सिस्टरबाई गेल्या. मागच्या महिन्यात गावात त्यांची शोकसभा झाली. औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नसलेलं आमचं गाव. मारुतीच्या पारासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या आणि पुढच्या रांगेत एरवी कुठल्याही सभेला न येणाऱ्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या हातावर जन्मलेलं एकही माणूस नाही, असं घर गावात शोधावंच लागेल. मीही त्यांच्याच हातावर जन्मले. १९७४ साली त्या उपकेंद्रावर नर्स म्हणून आल्या आणि २००५ साली तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांच्या लेकीने तसं बजावलं आहे. गावाला ते ठाऊक आहे, पण गावाच्या तोंडी कायम ‘सिस्टरबाई’च होतं.

सभेत जो उठला तो एकच शब्द बोलला, देवमाणूस. महाराजांनी नाथांची गोष्ट सांगितली. पैठणच्या वाळवंटात, तापलेल्या वाळूत रडत बसलेलं अस्पृश्य मानलेल्या घरातलं लेकरू नाथांनी कडेवर उचललं आणि त्याच्या घरी पोचवलं, ती गोष्ट. सिस्टरबाई जालन्याकडच्या ख्रिस्ती. एका वारकऱ्याने त्यांना नाथांच्या पंगतीला बसवलं आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, याचा मला आमच्या गावाबद्दल अभिमान वाटला. मग सरपंच उठले. वेशीवर सिस्टरबाईंच्या नावाची कमान उभारायची, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी जाताना उपकेंद्रावरून गेले. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. दाराला कुलूप. व्हरांड्यातला दिवा फुटलेला. मागच्या क्वार्टरचे पत्रे एका बाजूने उचकटून वाऱ्यावर वाजत होते. सध्याच्या नर्सबाई तालुक्याहून अपडाऊन करतात. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्या क्वार्टरमध्ये मी स्वतः एक रात्र काढणार नाही.

त्या रात्रीपासून ‘देवमाणूस’ हा शब्द मला टोचतो आहे. म्हणणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मला माहीत आहे. पण एखाद्या बाईला देवमाणूस म्हटलं की तिचं काम काम राहत नाही, चमत्कार होऊन बसतं. चमत्काराला छप्पर लागत नाही, रजा लागत नाही, रात्री सोबत लागत नाही. आणि तो पुन्हा घडावा म्हणून आपल्याला काही करायचं नसतं, पुढचा देवमाणूस येईपर्यंत वाट पाहिली की झालं. बाळंतिणीशी मायेने वागणं हे शिकण्याचं, शिकवण्याचं आणि मागून घेण्याचं काम आहे, आणि ते करणाऱ्या बाईला जगण्यासारखी जागा देणं हे गावाचं आणि सरकारचं देणं आहे, असं माझं म्हणणं आहे. सिस्टरबाईंची आठवण ठेवायची तर त्या देण्याचा हिशेब काढायला हवा.

ते काम मी जवळून पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, भूकंप झाला. आमच्या घराच्या दोन भिंती बसल्या. माणसं वाचली, आणि आम्ही शेतात पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. नोव्हेंबरात माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या. मी चौदा-पंधरा वर्षांची. आजीने माझ्या हातात कंदील दिला आणि म्हणाली, “डोळे मिटायचे नाहीत, हात हलवायचा नाही.”

सिस्टरबाई रात्री अकराला पायी आल्या. आल्या आल्या वहिनीकडे वळल्या नाहीत. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मग चुलीजवळ बसून तळवे शेकले. आजीला वाटलं, थंडी वाजतेय. मला त्यांनी सांगितलं, “हात गार असला की पोट दचकतं.” मग वहिनीजवळ जाऊन विचारलं, “हात लावू का गं माय?” एवढ्या वर्षांत मी किती डॉक्टर, किती नर्सा पाहिल्या, हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नाही. वहिनीने मान हलवली, तेव्हाच त्यांनी पोटाला हात लावला. बाळाचे ठोके ऐकायची त्यांची लाकडी नळी होती. ती पोटावर टेकवून त्या घड्याळाकडे बघत मोजायच्या आणि प्रत्येक वेळी आकडा वहिनीला सांगायच्या, जसं काही तोही तिचाच हक्क आहे.

पहाटे मुलगी झाली. वार पडली, पण रक्त थांबेना. कंदिलाच्या उजेडात मला ते काळं दिसत होतं. सिस्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, लेकरू लगेच वहिनीच्या छातीला लावलं आणि बेंबीखाली पोट चोळायला सुरुवात केली. गर्भाशय आवळलं की रक्त थांबतं, आणि लेकरू दूध ओढायला लागलं की ते आवळायला मदत होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही तर धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते, हेही नंतरच कळलं. दादा धावत जाऊन मदतकार्याच्या लोकांची जीप घेऊन आला. लातूरपर्यंत सिस्टरबाई वहिनीच्या शेजारी मागे दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांचे ओठ प्रार्थनेत हलत होते. हात मात्र पोटावरून एकदाही उचलला गेला नाही.

वहिनी वाचली. ती मुलगी आज तिशीत आहे.

माणसं त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलतात तेव्हा मला तो हात आठवतो. जालन्याच्या आसपास ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी तिथे बेथेल हे गाव वसवलं. आपला मुलूख निझामाच्या राज्यात होता, दवाखाना म्हणजे मोठ्या शहरातली गोष्ट होती, त्या काळात मिशनच्या माणसांनी इथे औषधपाणी केलं. सिस्टरबाई त्या परंपरेतून आलेल्या. दर रविवारी सकाळी त्यांच्या क्वार्टरमधून गाण्याचा आवाज यायचा. एकट्याच गायच्या. पण कुणाच्या घरात त्यांनी आपला देव नेला नाही, आणि कुणाच्या घरातला देव बाहेर काढला नाही.

याचा एक प्रसंग सांगते, कारण यावरून कॉलेजात असताना मी त्यांच्याशी भांडले होते. आमच्याकडे पाचवीला सटवाई पुजतात. पाटा मांडायचा, त्यावर हळद-कुंकू, वही, पेन, विळा. रात्री सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते. त्या आल्या तेव्हा गावात नाळ विळ्याने नाहीतर कडब्याच्या धारदार पातीने कापायचे आणि वर चुलीतली राख दाबायचे. मग आठवड्याभरात एखाद्या लेकराचा जबडा आवळायचा, दूध ओढता यायचं नाही, अंग ताठ होऊन कमानीसारखं वाकायचं. सटवाईने नेलं, असं म्हणून मोकळे व्हायचे. तो धनुर्वात होता. सिस्टरबाईंनी सटवाईला विरोध केला नाही. त्या पूजेला जाऊन बसायच्या आणि म्हाताऱ्यांना सांगायच्या, “ती नशीब लिहायला येते, तिला घाण चालत नाही. नाळेला राख फासली तर ती उंबऱ्यातूनच परत जाईल.” हळूहळू पाट्यावर विळ्याशेजारी नव्या ब्लेडचं पाकीट यायला लागलं. बाळंतपणाच्या आधीच आणून ठेवलेलं, कागदातलं, न वापरलेलं. पोटुशी बाई धनुर्वाताच्या इंजेक्शनला नको म्हणेनाशी झाली.

मी तेव्हा म्हणाले होते की तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालता. आज मला तसं वाटत नाही. राख गेली, लेकरं जगली, आणि कुणाही म्हातारीला अडाणी ठरवून खाली मान घालायला लावली नाही. भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. त्यामागे लस होती, सरकारी मोहिमा होत्या, आणि अशा हजारो पाट्यांशेजारी बसलेल्या नर्सबाया होत्या. मोहिमांची नोंद आहे. त्या बायांची नाही.

आता दुसरी बाजू. २००४ साली माझं पहिलं बाळंतपण एका शहरातल्या मोठ्या रुग्णालयात झालं. एका पलंगावर आम्ही दोघी होतो. कळांनी मी ओरडले तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टरने मांडीवर चापट मारली आणि म्हणाली, “तेव्हा गोड लागलं ना? आता कशाला बोंबलतेस?” शेजारची बाई माझ्याआधी रडायला लागली. आईला दाराबाहेर काढलं होतं. हात लावू का, असं विचारणं सोडा, कोण काय करतंय हेही कुणी सांगत नव्हतं. बाळ सुखरूप झालं. कागदावर ते बाळंतपण यशस्वी आहे. पण दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्यावर मी चार तास कुणाला सांगितलंच नाही, कारण त्या खोलीत परत जायची भीती वाटत होती. शिकलेली, पगारदार बाई मी. ज्या बाईजवळ हे दोन्ही नाही, ती किती तास दडवून ठेवत असेल? आणि तिला जर रक्तस्राव झाला, तर त्या तासांचा दोष कोणाच्या माथी जाईल? तिच्याच. उशिरा आणलं, असं लिहिलं जाईल.

पहाटे तीच सिस्टर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून चहा पिताना दिसली. चपला काढून ठेवल्या होत्या, पाय सुजलेले. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली. संध्याकाळची ड्युटी करून रात्रीचीही तिच्यावर पडली होती, कारण बदलीची आली नव्हती, आणि अख्ख्या वॉर्डात ती एकटी होती. मी तिला माफ केलं असं म्हणणार नाही. ती चापट चापटच होती, तो शब्द शब्दच होता, आणि थकवा हे कुणालाही अपमानित करायचं लायसन्स नाही. पण सिस्टरबाईंना त्या वॉर्डात अशी दहा वर्षं उभी केली असती, तर त्यांचे हात शेकायला चूल कुठे मिळाली असती, हा प्रश्न मला सोडत नाही.

इथे मला हटकून सांगितलं जातं की ताई, तुमच्या त्या काळात काय होतं, आता सगळं सुधारलं. सुधारलं आहेच, आणि हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. १९९० च्या सुरुवातीला महाराष्ट्रात निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे. दर एक लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ मध्ये राज्यात १४९ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, २०१४ पासून धावणारी १०८, गावागावातल्या आशाताई, या सगळ्यांचं ते श्रेय आहे. पत्र्याच्या शेडमधलं, कंदिलाच्या उजेडातलं बाळंतपण मला परत नको आहे. वहिनी वाचली ती अर्धी सिस्टरबाईंमुळे, अर्धी जीप मिळाली म्हणून. जीप मिळाली नसती तर आज मी हा लेख वेगळ्या शब्दांत लिहिला असता.

पण बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं तेव्हा बाईच्या ओळखीचं माणूस तिच्याबरोबर गेलं नाही. आता तिला तपासते एक, ॲम्ब्युलन्समध्ये असतो दुसरा, लेबर रूममध्ये तिसरी, आणि शिफ्ट बदलली की चौथी. त्याच पाहणीत राज्यातली दर चार बाळंतपणांतली एक सिझरने झालेली दिसते. त्यातली कितीतरी सिझर आई आणि बाळ वाचवणारी असतात. पण कळांच्या वेळी ओळखीचं, धीर देणारं माणूस सतत जवळ असलं तर कळांचा काळ थोडा आटोपशीर होतो आणि सिझर कमी लागतं, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. म्हणजे धीर हासुद्धा उपचारच आहे. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यात बाळंतिणीबरोबर एक सोबतीण राहू द्यायला परवानगी दिली. आपल्याकडच्या किती बायांना हे माहीत आहे? माझ्या शाळेतल्या मुलींच्या आयांना मी विचारलं. एकीलाही माहीत नव्हतं.

२०१८ साली केंद्राने मिडवाइफच्या सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सना अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं, आणि अडचण नसलेली बाळंतपणं त्यांच्या हाती सोपवायची, डॉक्टर हाकेच्या अंतरावर ठेवून. २०२३ च्या कायद्याने परिचर्येसाठी आयोग नेमायचं ठरवलं, त्याच्या नावातही मिडवाइफरी आहे. बाळंतिणीशी आदराने वागणं हा त्या प्रशिक्षणाचा भाग आहे. म्हणजे सिस्टरबाई जे करत होत्या ते शिकवता येतं, हे सरकारलाही पटलं आहे. मग ते मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचावं म्हणून आपण आवाज का उठवत नाही? आमदाराकडे आपण सभागृह मागतो, सिमेंटचा रस्ता मागतो. बाळंतपण करणारी शिकलेली बाई मागितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

विश्वासाचं माणूस जवळ नसलं की काय होतं, ते आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागे मुकादमाची उचल आहे, खाडा झाला की कापला जाणारा पैसा आहे, फडावर न्हाणीघर नसणं आहे, आणि पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने आहेत. एका नर्सबाईने हे सगळं थांबलं असतं असा माझा दावा नाही. पण पिशवी काढा असं कुणी सांगितल्यावर, पैसे भरायच्या आधी, “बाई, खरंच काढावी लागेल का?” असं विचारायला गावात एक दार हवं होतं. आमच्या गावात ते दार होतं. सिस्टरबाईंनी कितीजणींना लातूरला सरकारी दवाखान्यात दुसऱ्यांदा दाखवायला धाडलं, हे त्या म्हाताऱ्या सांगतील.

त्या दाराबद्दलच शेवटचं सांगायचं आहे. सिस्टरबाई निवृत्त झाल्यावर लेकीकडे राहायला गेल्या. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना भेटायला गेले होते. बोलता बोलता विचारलं, एवढी वर्षं एकट्या राहिलात, रात्री-अपरात्री उठून गेलात, भीती नाही वाटली? म्हणाल्या, बाहेर जाताना नाही वाटली, कारण बोलवायला आलेला माणूस गरजवंत असतो. घरात झोपताना वाटायची. क्वार्टरच्या दाराची आतली कडी आल्यापासूनच तुटलेली होती. त्यांनी दोनदा अर्ज दिला, तीनदा तोंडी सांगितलं. मग रोज रात्री दाराला आतून पाटा लावून झोपायला लागल्या. वाटणाचा दगडी पाटा. रात्री कुणी हाक मारली की आधी तो बाजूला सरकवायचा, मग दार उघडायचं. “कंबर त्या पाट्याने गेली बघ,” असं म्हणून त्या हसल्या. मला हसता आलं नाही. एकतीस वर्षं. आम्ही सगळे त्या दारावर थाप मारून आलेली माणसं, आणि आतून जो दगड सरकल्याचा आवाज यायचा तो कसला आहे, हे कुणी कधी विचारलं नाही. माझ्या वडिलांनी नाही, दादाने नाही, मी नाही. वर त्यांना देवमाणूस म्हणत राहिलो.

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात उपकेंद्राला वर्षाला दहा हजार रुपये अबंधित निधी मिळायला लागला, नर्स आणि सरपंच यांच्या जोडखात्यात. कडी, दिवा, पत्रा अशा कामांसाठीच तो होता. नंतर दारावरची पाटी बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव आलं. नियमाप्रमाणे आपल्याकडे सपाटीवर पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असतं, म्हणजे पाच हजार माणसांचा भार त्या एका दारावर. आताच्या नर्सबाई तिथे राहत नाहीत अशी तक्रार ग्रामसभेत दरवर्षी होते. त्यांनी का राहावं, असं मी विचारलं तर लोक म्हणतात, सिस्टरबाई राहिल्या होत्या की. हेच मला नको आहे. एका बाईच्या श्रद्धेने सोसलेल्या गैरसोयी दुसरीला नियम म्हणून लावायला आपल्याला कुणी अधिकार दिला? सिस्टरबाईंची श्रद्धा त्यांची स्वतःची होती. ती नोकरीची अट होऊ शकत नाही. आताच्या बाई प्रार्थना करोत, न करोत. त्यांनी बाळंतिणीला हात लावण्याआधी विचारावं, एवढं मागायचा हक्क गावाला आहे, आणि त्यांना आतून बंद होणारं दार मागायचा हक्क आहे.

१ मेच्या ग्रामसभेत कमानीचा ठराव येणार आहे. मी विरोध करणार नाही. वेशीवर एका नर्सचं नाव लागलेलं आमच्या पोरींनी रोज शाळेला जाताना वाचलं तर मला आनंदच आहे. पण त्याच सभेत मी दुसरा ठराव मांडणार आहे आणि तो कमानीच्या आधी घ्यावा असा आग्रह धरणार आहे: क्वार्टरचे पत्रे, व्हरांड्यातला दिवा, नळाला पाणी, रात्री सोबतीला एक मदतनीस, आणि बाळंतपणाला सोबतीण नेता येते हे भिंतीवर ठळक अक्षरांत. पुढच्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्यांना मी सांगून ठेवलं आहे. येतो म्हणाल्या.

काल सुताराला क्वार्टरवर घेऊन गेले होते. त्याने चौकट ठोकून पाहिली, लाकूड अजून चांगलं आहे म्हणाला. कडी, कोयंडा आणि मजुरी धरून साडेतीनशे रुपये सांगितले.